अंतिम पंघाल आणि ५३ किलोचा गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंतिमची एखादी मोठी कुस्ती झाली की तेच तेच प्रश्न येतात. काही तालमीत वाढलेल्यांचे असतात, ज्यांना डाव कळतात पण मॅटवरचे गुण कळत नाहीत. काही फक्त ऑलिम्पिकपुरती कुस्ती बघणाऱ्यांचे असतात आणि बरेचसे मुलींच्या आईवडिलांचे. इथली कामगिरी सप्टेंबर २०२५ च्या जागतिक स्पर्धेपर्यंतची आहे.

१. अंतिम पंघाल नेमकी कोण, आणि तिने आजवर काय जिंकलंय?

हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातल्या भगाना गावची. जन्म ३१ ऑगस्ट २००४. महिला कुस्ती ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली तीही त्याच महिन्यात, अथेन्सला. अंतिम फ्रीस्टाइल खेळते, वजनगट ५३ किलो.

२०२२ मध्ये बल्गेरियात सोफियाला ती २० वर्षांखालील गटात जगज्जेती झाली. भारताच्या कुठल्याही मुलीला तोवर हे जमलं नव्हतं. पुढच्या वर्षी जॉर्डनमध्ये अम्मानला तिने तेच विजेतेपद राखलं. वरिष्ठ गटात २०२३ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य, त्याच वर्षी बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत कांस्य आणि हांगझोऊच्या आशियाई खेळांत कांस्य. पॅरिस ऑलिम्पिक मात्र वाईट गेलं (प्रश्न ११). २०२५ मध्ये आशियाई अजिंक्यपदात कांस्य आणि झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा कांस्य. झाग्रेबहून भारतीय संघ परतला तेव्हा संघाकडे एवढं एकच पदक होतं. २०२३ चा अर्जुन पुरस्कारही तिच्या नावावर आहे.

जागतिक स्पर्धेत एकापेक्षा जास्त पदकं मिळवणाऱ्या भारतीय महिला दोनच, विनेश फोगाट आणि अंतिम.

२. 'अंतिम' हे खरं नाव की टोपणनाव?

खरं. ती घरातली चौथी मुलगी, आणि आता आणखी मुलगी नको म्हणून हे नाव ठेवलं गेलं. यावर इतकं लिहून झालंय की इथे एवढंच पुरे. तिच्या कुस्तीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. वडिलांनी मुलींच्या सरावासाठी गाव सोडून हिसारजवळ बिऱ्हाड हलवलं, त्यातून मात्र बरंच कळतं.

३. फ्रीस्टाइल म्हणजे आपली मातीतली कुस्तीच ना, फक्त मॅटवर?

डाव पुष्कळसे तेच, हिशेब वेगळा. मातीत निकाली कुस्ती म्हणजे चितपट. पाठ टेकली की संपलं, नाही टेकली तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवू शकतात. मॅटवर बरोबरी नसते. तीन मिनिटांची दोन सत्रं, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, आणि गुणांवर निकाल लागतोच. चितपट झाली तर कुस्ती तिथेच संपते, हे दोन्हीकडे सारखं.

फ्रीस्टाइलमध्ये पायाला हात घालता येतो, ग्रीको-रोमनमध्ये नाही. महिलांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर फक्त फ्रीस्टाइल आहे, त्यामुळे 'अंतिम ग्रीको का खेळत नाही' या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

मातीतून मॅटवर आलेल्या मुलींना जड जातो तो वेग. मातीत दम धरून, वजन टाकून समोरचीला थकवता येतं. मॅटवर नुसतं अडून राहिलात तर पंच आधी ताकीद देतात, मग तीस सेकंदांचं घड्याळ लावतात आणि तेवढ्यात गुण घेतला नाही तर समोरचीला एक गुण जातो.

४. गुण कसे मोजतात? आणि ३-३ बरोबरी असताना एक जिंकलेली कशी?

समोरचीला खाली घेऊन पाठीमागून ताबा मिळवला की २. तिची पाठ मॅटकडे वळवली की २. उचलून थेट पाठीवर टाकलं तर ४, मोठ्या फेकीला ५. वर्तुळाबाहेर ढकललं तर १. खालून सुटून वर ताबा घेतला तर १. पंचांच्या निर्णयावर दाद मागता येते, पण दाद फेटाळली गेली तर समोरचीला १ गुण.

दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथेच थांबवतात. बेलग्रेडला अंतिमने स्वीडनच्या योना माल्मग्रेनला १६-६ हरवून कांस्य घेतलं ते असंच. या निकालात दोघींनी मिळून बावीस गुण केलेत. कांस्यपदकाच्या कुस्तीत माणसं सहसा जपून खेळतात, इथे दोघीही तुटून पडल्या होत्या.

गुण सारखे झाले तर आधी बघतात की मोठा डाव कुणाचा. एकीने चारची फेक केली आणि दुसरीने दोनदा दोन-दोन घेतले, तर चारवाली जिंकली. तेही सारखं असेल तर कमी ताकिदी कुणाला, आणि शेवटी, शेवटचा गुण कुणी घेतला. म्हणून शेवटच्या वीस सेकंदांत बरोबरीवर असलेली एक पैलवान जिवाच्या आकांताने पट काढायला, म्हणजे पाय धरून खाली घ्यायला, धावते आणि दुसरी मागे सरकत राहते. फलक दोघींना सारखंच दाखवतो, पण कोण हरतेय ते दोघींना माहीत असतं.

५. हरलेल्या मल्लाला पदक कसं मिळतं? मग अंतिमला पॅरिसमध्ये तशी संधी का नाही मिळाली?

याला रेपेचाज म्हणतात. जी मल्ल अंतिम फेरीत पोहोचते, तिच्याकडून वाटेत हरलेल्या सगळ्यांना पुन्हा खेळायला मिळतं आणि त्यातून कांस्यपदकाची कुस्ती ठरते. अंतिम फेरीत दोघी पोहोचतात, म्हणून कांस्यही दोन.

म्हणजे हरल्यानंतर तुमचं नशीब तुमच्या हातात नसतं, जिने हरवलं तिच्या हातात असतं. हांगझोऊला अंतिम उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या अकारी फुजिनामीकडून हरली. फुजिनामी पुढे अंतिम फेरीत गेली, त्यामुळे अंतिम परत आली आणि टोकियो ऑलिम्पिकची कांस्यपदक विजेती मंगोलियाची बोलोर्तुया हिला ३-१ हरवून पदक घेतलं. पॅरिसला ती तुर्कस्तानच्या झेनेप येतगिलकडून हरली. येतगिल पुढच्याच फेरीत हरली आणि अंतिमची स्पर्धा संपली.

६. ती दोनदा जगज्जेती आहे, मग सुशीलकुमारनंतर भारताचा दुसरा विश्वविजेता तीच ना?

नाही. ही गल्लत बातम्यांच्या मथळ्यांमुळे होते. तिची दोन्ही सुवर्णं २० वर्षांखालील गटातली. वरिष्ठ गटात जागतिक सुवर्ण मिळवणारा भारतीय मल्ल आजवर एकच, २०१० चा सुशीलकुमार. महिलांमध्ये सर्वांत वरचं पदक २०२१ चं अंशू मलिकचं रौप्य.

पण या कारणाने कनिष्ठ गटाचं सुवर्ण हलकं धरू नका. २०२३ मध्ये अम्मानला प्रिया मलिक आणि सविता यांनीही आपापल्या गटांत सुवर्ण मिळवलं होतं. तीन मुली एकाच स्पर्धेत जगज्जेत्या होतात तेव्हा मागे काहीतरी पिकत असतं. ते वरिष्ठ गटापर्यंत टिकवायचं कसं, हा भारतीय कुस्तीचा जुना प्रश्न आहे, आणि अंतिम हे टिकल्याचं दुर्मीळ उदाहरण.

७. सगळे सारखे '५३ किलो, ५३ किलो' का करतात? दोन-चार किलो इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं?

माझ्या मते महिला कुस्तीतली निम्मी कारकीर्द इथेच ठरते, म्हणून जरा सविस्तर.

ऑलिम्पिकमध्ये महिलांचे सहाच गट आहेत: ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६. जागतिक स्पर्धेत यांत ५५, ५९, ६५ आणि ७२ ची भर पडते. एका गटात एका देशाची एकच मल्ल. म्हणजे देशात ५३ किलोच्या दहा उत्तम मुली असल्या तरी ऑलिम्पिकला जाणार एक. बाकी नऊ जणींना एकतर तीन किलो उतरून ५० मध्ये जायचं, किंवा चार किलो चढून ५७ मध्ये, जिथल्या मुली मूळच्या साठीच्या आसपासच्या असतात आणि वजन उतरवून आलेल्या असतात.

त्यामुळे भारतीय मुलीची पहिली मोठी लढत परदेशी मल्लाशी नसते. ती आपल्याच वजनगटातल्या आपल्याच देशाच्या मुलीशी असते, निवड चाचणीत, बहुधा रिकाम्या सभागृहात. २०२२ मध्ये अंतिम राष्ट्रकुल खेळांच्या चाचणीत विनेशकडून हरली आणि घरी बसली. त्याच वर्षी ती कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली. दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या, काही महिन्यांच्या अंतराने.

८. वजन कधी करतात? थोडीफार सवलत असते का?

ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धेत नसते, एका ग्रॅमचीही. आमंत्रितांच्या काही स्पर्धांत आणि देशातल्या काही चाचण्यांत दोन किलोपर्यंत सूट देतात, त्यामुळे नव्या पालकांचा गोंधळ होतो.

२०१८ पासून वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं. आधी ते आदल्या संध्याकाळी व्हायचं आणि रात्रभर खाऊनपिऊन अंग भरून काढता यायचं. आता काट्यावरून उतरल्यावर थोड्याच तासांत कुस्ती. एक गट दोन दिवस चालतो: पहिल्या दिवशी उपांत्य फेरीपर्यंत, दुसऱ्या दिवशी रेपेचाज आणि पदकाच्या लढती. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन पुन्हा, आणि तेव्हा काट्यासाठी पंधराच मिनिटं.

आता चित्र बघा. पहिल्या दिवशी तीन कुस्त्या खेळून अंगातलं पाणी आटलेलं. प्यायलं, चार घास खाल्ले की काटा वर. पॅरिसला विनेशच्या बाबतीत हेच झालं. उपांत्य फेरीनंतर तिचं वजन २.७ किलोने वर गेलेलं. रात्रभर घाम काढला, केस कापले, कपडे आखूड केले, आणि सकाळी काटा १०० ग्रॅम जास्त दाखवत होता. नियमाप्रमाणे ती बाद, क्रमवारीत शेवटची, पहिल्या दिवशीचे तिन्ही विजय असूनही.

हे फक्त मुलींचं होतं असं नाही. झाग्रेबला २०२५ मध्ये पॅरिसचा कांस्यपदक विजेता अमन सेहरावत १.७ किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता बाद झाला. १०० ग्रॅमला दुर्दैव म्हणता येईल. १.७ किलोला नियोजनच चुकलं म्हणावं लागतं.

९. अंतिम आणि विनेश यांच्यात नेमका वाद काय होता?

२०२३ च्या आशियाई खेळांसाठी विनेश आणि बजरंग पुनिया यांना चाचणीतून सूट देऊन थेट संघात घेतलं गेलं. दोघं तेव्हा भारतीय कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्धच्या आंदोलनात पुढे होते, सराव तुटलेला होता. ५३ किलोत अंतिमने हरकत घेतली: मीही चाचणी का देऊ नये, मला फक्त समान संधी द्या. पुरुषांमधला सुजीत कलकल आणि ती, दोघं दिल्ली उच्च न्यायालयात गेले. याचिका फेटाळली गेली. अंतिमने त्या गटाची चाचणी जिंकली तरी तिला राखीव म्हणूनच ठेवलं. पुढे विनेशच्या गुडघ्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि अंतिम हांगझोऊला गेली.

लोक मला यात बाजू घ्यायला सांगतात. आंदोलनातल्या मागण्या गंभीर होत्या, आणि अठरा वर्षांच्या मुलीचं 'चाचणी घ्या' हे म्हणणंही रास्त होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. चूक होती ती सूट देणाऱ्यांची, कारण सूट कुणाला आणि कशावरून हे आधी ठरलेलंच नव्हतं.

यानंतर ५३ ची जागा अंतिमने पक्की केली आणि विनेश ५० मध्ये गेली. तिथे काय झालं ते प्रश्न ८ मध्ये आलंच आहे.

१०. ऑलिम्पिकचा कोटा जिने मिळवला तीच जाणार ना?

तसं बंधन नाही. कोटा, म्हणजे त्या वजनगटातली ऑलिम्पिकची जागा, देशाच्या ऑलिम्पिक समितीला मिळतो, मल्लाला नाही. देश नव्याने चाचणी घेऊन दुसऱ्या मल्लाला पाठवू शकतो. अंतिमने बेलग्रेडच्या पदकासोबत पॅरिससाठी भारतीय कुस्तीचा पहिला कोटा मिळवला, आणि तरीही ५३ ची अंतिम चाचणी होणार का, हा प्रश्न पुढे कित्येक महिने लोंबकळत होता. शेवटी महासंघाने ज्यांनी कोटा मिळवला त्यांनाच पाठवलं.

इतके महिने टांगती तलवार ठेवणं मला पटलेलं नाही. चाचणी घ्यायची असेल तर तारीख आधी सांगा, नसेल तर तसं आधी सांगा. मल्लाला वजन आणि तयारी दोन्ही तारखेवर बेतायची असतात.

११. पॅरिसमध्ये अंतिमचं काय झालं?

७ ऑगस्ट २०२४. सकाळी विनेश बाद झाल्याची बातमी आली आणि त्याच दिवशी अंतिमची पहिली कुस्ती होती. येतगिलविरुद्ध ती ०-१० अशी, दोन मिनिटांच्या आतच हरली. पुढे रेपेचाज का मिळालं नाही ते प्रश्न ५ मध्ये आहे.

त्यानंतर तिच्या ओळखपत्रावर बहिणीने ऑलिम्पिक ग्राममध्ये प्रवेश केल्याचं प्रकरण झालं आणि भारतीय ऑलिम्पिक संघटनेने शिस्तभंग म्हणून तिला साहाय्यकांसह मायदेशी पाठवायचं ठरवलं. तीन वर्षांची बंदी आल्याच्या बातम्या फिरल्या, पण तशी बंदी लागली नाही. २०२५ मध्ये ती खेळली आणि पदकं घेऊन आली.

१२. २०२३ च्या बेलग्रेडच्या पदकावेळी तिरंगा का नव्हता?

भारतीय कुस्ती महासंघाने मुदतीत निवडणुका घेतल्या नाहीत, म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक कुस्ती संघटनेने त्याला निलंबित केलं. त्यामुळे त्या स्पर्धेत भारतीय मल्ल जागतिक संघटनेच्या झेंड्याखाली खेळले. कोटा मात्र भारताचाच धरला गेला. लगेच झालेल्या आशियाई खेळांत तिरंगा होता, कारण तिथे संघ ऑलिम्पिक संघटनेमार्फत जातो. जागतिक संघटनेने निलंबन फेब्रुवारी २०२४ मध्ये उठवलं.

१३. तिची खरी ताकद कशात आहे? आणि उणीव?

ताकद म्हणजे मागे पडल्यावर न घाबरणं. बेलग्रेडला पहिल्याच फेरीत समोर आदल्या वर्षीची जगज्जेती, अमेरिकेची डॉमिनिक पॅरिश होती. अंतिम मागे पडली, तरी घाई न करता एकेक गुण काढत ३-२ ने जिंकली. त्याच स्पर्धेत उपांत्य फेरीत ती वनेसा कलाद्झिन्स्कायाकडून ४-५ अशी हरली. एका गुणाने अंतिम फेरी हुकली.

उणीव म्हणाल तर पहिल्या फळीतल्या मल्लांविरुद्धची उपांत्य लढत. झाग्रेबलाही ती तिथेच अडली, इक्वेडोरच्या लुसिया येपेसकडून, जी पॅरिसची रौप्यपदक विजेती. फुजिनामीसमोर तर तिला गुणच मिळत नव्हते. अर्थात पॅरिसपर्यंत १३० हून अधिक कुस्त्या सलग जिंकत आलेल्या फुजिनामीसमोर ते फारसं कुणालाच जमत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

१४. मुलगी बारा वर्षांची आहे, कुस्ती शिकायचंय. वजन उतरवायला सांगतात, ते करावं का?

नाही. स्पष्ट नाही. या वयात अंग वाढत असतं. उपाशी ठेवून, पाणी तोडून लहान गटात बसवलेली मुलगी तालुक्याचं पदक आणेल, पण दोन वर्षांत थकेल. मुलींमध्ये अन्न कमी पडलं की पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडं कमकुवत होतात. 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणून वस्ताद ते झटकून टाकत असतील तर तालीम बदला. पाळी थांबली तर डॉक्टरकडे जायचं, यात तडजोड नको.

तालीम बघायला जाल तेव्हा मॅट रोज पुसतात का बघा, नाहीतर नायटा घराघरात फिरतो. मुलींची नखं कापलेली असावीत. स्पर्धेत पंच नखं तपासतात आणि रक्त पुसायला रुमालही जवळ ठेवायला लागतो. मुलींसाठी बरोबरीच्या वजनाच्या चार तरी मुली सरावाला आहेत का, हे सगळ्यात महत्त्वाचं. जोर-बैठका घरीही होतील, जोडीदार घरी मिळणार नाही.

१५. खर्च कोण उचलतं?

सुरुवातीला घरच. खुराक, प्रवास आणि बूट यांतच पैसा जातो. मुलगी राष्ट्रीय पातळीवर चमकली आणि खेलो इंडियात निवडली गेली तर महिना १०,००० रुपये भत्ता. त्याच्या वर ऑलिम्पिक पोडियम योजना, म्हणजे 'टॉप्स': विकास गटाला महिना २५,००० आणि मुख्य गटाला ५०,००० रुपये, परदेशी सरावाचा खर्च वेगळा. नोकरीसाठी रेल्वे हा जुना आधार आहे आणि महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. पण ही सगळी मदत पदकानंतर येते. पदकाआधीची सहा-सात वर्षं घरानेच काढायची असतात.

१६. अंतिम वरिष्ठ गटात पदकं जिंकत असताना कनिष्ठ गटात कशी खेळली? वयाची काही बनवाबनवी तर नाही?

नाही, नियमातच बसतं. वय जन्मवर्षावरून धरतात. २० वर्षांखालील गटात त्या वर्षी १८ ते २० पूर्ण होणारे, आणि पालकांची संमती व वैद्यकीय दाखला असेल तर १७ चेही. वरिष्ठ गटात तशाच दाखल्यांवर १८ पासून खेळता येतं. २०२३ मध्ये तिला १९ पूर्ण झाली, म्हणून दोन्ही दारं उघडी होती.

बनवाबनवी होत नाही असं मात्र नाही. २०२५ मध्ये महासंघाने बनावट जन्मदाखल्यांवरून काही मल्लांना निलंबित केलं. 'सगळेच करतात' म्हणून दाखला बदलून देणारे भेटतील. पकडलं गेल्यावर निलंबन मुलीचं होतं, दाखला देणाऱ्याचं नाही.

१७. महाराष्ट्रात खाशाबांपासून एवढी परंपरा, मग आपली अंतिम कुठे आहे?

खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं कांस्य १९५२ चं. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. या दोन तारखांमध्ये उत्तर आहे. मुलग्यांना केसरीची गदा गेली सहा दशकं आहे, मुलींना कालपरवा मिळाली. शिवाय आपल्याकडे अजून जत्रेच्या फडाला मान जास्त, आणि ऑलिम्पिक मॅटवर होतं. कोल्हापूर-सांगलीकडे मुली येताहेत, पण एका वजनाच्या पंधरावीस मुली एका छपराखाली रोज भिडतात असं चित्र हरियाणात आहे, आपल्याकडे अजून नाही.

१८. अंतिमला पुढे ५३ झेपलं नाही तर ती ५५ मध्ये खेळू शकेल?

जागतिक आणि आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत हो, तिथे ५५ आहे. ऑलिम्पिकमध्ये नाही, आणि आशियाई खेळांतही ऑलिम्पिकचेच गट असतात. तिथे तिला थेट ५७ मध्ये जावं लागेल आणि त्या गटातल्या भारतीय मुलींशी चाचणी द्यावी लागेल. चाचणीची गंमत प्रश्न ७ आणि ९ मध्ये वाचा.